पायलट झाल्यावरची माझी पहिली मोठी चूक: मामींना वजन विचारलं नाही

बिनपंखी

मागे एका धाग्यावर मी न्यू जर्सीत हौसेखातर विमान चालवतो असं बोलून बसलो आणि तेव्हापासून तिघाचौघांनी ‘लिहा की राव’ म्हणून पिच्छा पुरवलाय. लायसन्स कसं काढलं ही गोष्ट मला स्वतःलाच कंटाळवाणी वाटते. नियमाने किमान ४० तास उडावं लागतं, मला ७१ लागले, बँकेत खड्डा पडला. संपलं. त्यापेक्षा लायसन्स मिळाल्यावर काय दिवे लावले ते सांगतो.

जुलै २०१९. माझे एकूण ९४ तास झालेले. मामा, मामी आणि मामेभाऊ महाडहून आले होते. मामा रिटायर झाल्यानंतरची ही पहिली परदेशवारी. इकडे ते यायच्या आधीच आईने अख्ख्या खानदानात ‘आमचा बाळ्या विमान चालवतो’ असा डांगोरा पिटलेला, त्यामुळे विमानतळावरून घरी येताना गाडीतच मामींचा प्रश्न: “मग कधी नेतोस वर?”

शनिवारी नेलं. मध्य जर्सीतलं एक छोटं विमानतळ, ३००० फुटांची धावपट्टी, पलीकडच्या टोकाला झाडं. विमान सेसना १७२ एन, माझ्यापेक्षा वयाने मोठं. चार सीट. या ‘चार सीट’ने पुढचा सगळा घोळ केला. गाडीला चार सीट असल्या की चार माणसं बसतात, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं असतं! विमानात चार सीट म्हणजे चार माणसं *किंवा* पूर्ण टाकी. दोन्ही एकदम बहुतेक वेळा नाही.

गंमत म्हणजे बाकी सगळी तपासणी मी मन लावून केली. ऑइल बघितलं, फ्लॅप हलवून बघितले, टाकीतून थोडं पेट्रोल काचेच्या नळीत काढून त्यात पाणी नाही ना ते पाहिलं. हे विमानाचं पेट्रोल निळं असतं, ते मामांना उजेडात धरून दाखवलं. ‘रॉकेल पण निळंच असायचं,’ मामा म्हणाले. मला फार भारी वाटत होतं.

फक्त एक कागद भरायचा राहिला. वेट अँड बॅलन्स, म्हणजे विमानातल्या वजनाचा आणि समतोलाचा हिशेब. राहिला म्हणजे विसरलो नव्हतो. त्यासाठी प्रत्येकाचं वजन लागतं, आणि चार लोकांत मामींना ‘तुमचं वजन किती?’ असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्यांच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत चिवडा आणि दशम्या, ती वेगळीच. मी मनातल्या मनात ‘होईल की, चार माणसं, साधारण साठ-सत्तर किलोची’ असं म्हटलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला. टाक्या आधीच्या माणसाने काठोकाठ भरून ठेवलेल्या.

तापमान ३३. उन्हाळ्यात हवा विरळ होते, तेव्हा समुद्रसपाटीजवळचं विमानतळसुद्धा विमानाला डोंगरावर असल्यासारखं वाटतं. त्या दिवशी माझं इंजिन जवळजवळ अडीच हजार फुटांवर असल्यासारखं धापा टाकत होतं. थ्रॉटल पूर्ण आत, म्हणजे इंजिनाची सगळी ताकद लावलेली. वेग वाढतोय, पण रमतगमत. एरवी जिथे चाकं सुटतात ती खूण मागे गेली. मी जरा ओढलं तर डाव्या पंखातली पिपाणी वाजायला लागली. १७२ एनमध्ये स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याची, सूचना देणारी पिपाणी खरोखरच हवेवर वाजते, बाजाच्या पेटीसारखी. माझ्या पोटात गोळा. नाक खाली केलं, वेग होऊ दिला, मग अगदी हळू वर. झाडं खालून गेली. किती खालून ते सांगत नाही, कारण मी तेव्हा झाडांकडे बघत नव्हतो, एअरस्पीडच्या काट्याला डोळे चिकटले होते. मिनिटाला जेमतेम तीनशे-चारशे फूट चढत होतं. एकटा असतो तेव्हा हेच विमान सातशेने चढतं.

मागून मामी: “किती छान दिसतंय रे!”

राउंड व्हॅलीच्या तलावावर एक फेरी मारली, चाळीस मिनिटांत परत आलो, उतरलो, फोटो काढले. कोणालाही काही कळलं नाही.

रात्री सगळे झोपल्यावर कागद उघडला. मामींनी दुपारी स्वतःहूनच न्यूयॉर्कच्या उकाड्यात चार किलो उतरतील वगैरे बोलताना ७२ सांगितलं होतं. मी ७८, मामा ८६, भाऊ ८४, पिशव्या १०. एकूण ३३० किलो, म्हणजे साधारण ७२७ पौंड. ४० गॅलन इंधन, गॅलनला ६ पौंड, झाले २४०. बेरीज ९६७. त्या विमानाच्या कागदावर माणसं, सामान, इंधन मिळून कमाल आकडा होता ८५८. शंभर पौंडांवर जास्त. जवळजवळ पन्नास किलो. म्हणजे सीट चार, पण मी पाचवं माणूस घेऊन उडालो होतो.

टाक्या अर्ध्या असत्या तर हीच चार माणसं घेऊन मी मर्यादेत बसलो असतो, आणि अर्ध्या टाकीत दोन तास सहज निघतात. किंवा दोन खेपा. आधी मामा-मामी, मग भाऊ. वीस मिनिटांचा प्रश्न होता.

सोमवारी माझ्या इन्स्ट्रक्टरला सांगितलं. मला वाटलं ओरडेल. तो म्हणाला, ‘बरं झालं सांगितलंस,’ आणि मग तासभर पुस्तकातले तक्ते माझ्याकडून सोडवून घेतले. पुस्तकात पूर्ण वजनाला, समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात, ५० फुटांचा अडथळा पार करायला १४४० फूट लिहिलेत. ते नव्या विमानाला आणि कंपनीच्या पायलटला. उष्ण हवा, जुनं इंजिन आणि ९४ तासांचा मी, असं धरून दीडपट करायची सवय त्याने लावली.

एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या, पुस्तकात पायलटच्या पाच घातक वृत्ती दिल्या आहेत: नियम न जुमानणं, उतावीळपणा, ‘मला काही होत नाही’, फुशारकी आणि हात टेकणं. परीक्षेला पाठ केल्या होत्या. त्या रात्री एकेक लावून बघितली, माझ्यावर एकही धड बसेना. मला नियम मान्य होते, घाई नव्हती, भीतीसुद्धा वाटत होती. मी अडलो होतो भिडेला. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती कॉकपिटमध्येही येऊन बसते. आपल्या लोकांसाठी ती सहावी म्हणून छापावी.

असो. इथे उडवणारे असतील तर तुमचेही किस्से येऊ द्या. पराक्रम नकोत.

---

चिवडाप्रेमी

मस्त लिहिलंय. पिपाणीला अंगावर काटा आला. दोन बाळबोध प्रश्न. विमान स्वतःचं आहे का? आणि मामांकडून पैसे घेतले का? (हलके घ्या.)

---

बिनपंखी

@चिवडाप्रेमी, स्वतःचं कुठलं! भाड्याचं. तेव्हा पेट्रोलसकट तासाला दीडशे-पावणेदोनशे डॉलर पडायचे, तेही फक्त इंजिन चालू असतं तितकाच वेळ. पैशाचं म्हणाल तर प्रायव्हेट पायलटला कमाई करायची परवानगीच नाही. फार तर खर्चाची समान वाटणी. चौघांत एक वाटा पायलटने स्वतः भरलाच पाहिजे. मामांनी शंभराची नोट पुढे केली होती, ती मी घेतली नाही. तिथेही भीडच.

---

भटकभवानी

धाग्यासाठी धन्यवाद. मी कॅलिफोर्नियात, सॅन कार्लोसहून उडते. माझी चूक वजनाची नाही, हवामानाची आहे, पण मूळ तुमच्यासारखंच.

इकडे ‘शंभर डॉलरचा बर्गर’ म्हणून प्रकार असतो. दहा डॉलरचा बर्गर खायला विमानाने जायचं. आमचं ठिकाण हाफ मून बे. डोंगर ओलांडला की समुद्र, गाडीने अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. नवरा आणि त्याच्या ऑफिसमधले एक जोडपे, टेबल बुक केलेलं. हवामान: किनाऱ्यावर ढगांची पातळ चादर, सकाळी अकरापर्यंत विरेल असा अंदाज. साडेअकरा झाले, विरली नाही. डोंगराच्या अलीकडून बघितलं तर चादरीला मधे एक मोठं भोक, खाली निळं पाणी चमकतंय. त्या भोकातून उतरले.

अशा भोकाला इथे ‘सकर होल’, म्हणजे भोळ्याला फसवणारं भोक, म्हणतात; का ते मला त्याच दिवशी कळलं. मी खाली पोहोचेपर्यंत भोक सरकलं. समोर पांढरं. वर पांढरं. उत्तरेला माँटारा डोंगर आहे, १९०० फुटांचा, तो कुठे गेला माहीत नाही. मला वाटलं विमान सरळ आहे. कृत्रिम क्षितिजावर बघितलं तर उजवीकडे चांगलंच कललेलं. कान (शरीराचा तोल तिथूनच कळतो) सांगत होता सरळ, उपकरण सांगत होतं वाकडं, आणि माझा हात कानाचं ऐकत होता.

प्रशिक्षणात डोळ्यांवर टोपी लावून फक्त उपकरणं बघून उडायचे तीन तास सक्तीचे असतात. मला ते फुकट वाटले होते. त्यातलं एकच वाक्य आठवलं: पंख सरळ कर, मग हळू वळ. सेकंदाला तीन अंश, म्हणजे उलट फिरायला बरोबर एक मिनिट. ते मिनिट मला आजही आठवतं. बाहेर पडले तेव्हा मागे नवरा मित्राशी शेअर मार्केटवर बोलत होता.

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्या २० जणांना कृत्रिम ‘ढगात’ घातलं, आणि विसाच्या विसांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद, सर्वांत लवकर २० सेकंदांत. हे मी परीक्षेआधी वाचलं होतं, मैत्रिणीला सांगितलंही होतं. वाचलेलं आणि झालेलं यांत काय फरक असतो ते शब्दांत येत नाही.

बर्गर त्या दिवशी सॅन कार्लोसलाच खाल्ला. टेबल रद्द करायला दोन मिनिटं लागली. ते दोन मिनिटांचं काम मी आधी का केलं नाही? कारण पाहुणे.

---

बिनपंखी

@भटकभवानी, वाचताना तळहाताला घाम आला. इथून जवळच काल्डवेल विमानतळ आहे. तिथूनच १६ जुलै १९९९ च्या संध्याकाळी केनेडींचा मुलगा बायको आणि मेहुणीला घेऊन निघाला होता. अंधार, समुद्रावर धूसर हवा, क्षितिज दिसत नाही. मार्थाज व्हिनयार्डजवळ विमान पाण्यात गेलं. चौकशीत हेच निघालं, दिशाभान सुटलं. लग्नाला जायचं होतं. त्या रस्त्याने जाताना आमच्या क्लबातले म्हातारे पायलट अजून आवाज खाली करून बोलतात.

---

खडूस_काका

सगळं वाचलं. लेखनशैली उत्तम, याबद्दल दुमत नाही. पण एक गोष्ट खटकली.

आपण तीन माणसांचा जीव धोक्यात घातलात, सुदैवाने वाचलात, मग इन्स्ट्रक्टरकडे जाऊन शहाणे झालात आणि आता इथे खुमासदार लेख लिहून टाळ्या घेताय. ज्यांचा जीव धोक्यात होता त्या तिघांना सांगितलंत का? लेखात तसा उल्लेख नाही. ‘कोणालाही काही कळलं नाही’ असं वाक्य मात्र आहे, आणि ते जरा समाधानाने लिहिल्यासारखं वाटतं.

बाकी हे श्रीमंतांचे चोचले आहेत हे माझं वैयक्तिक मत. ते राखून ठेवतो.

---

शून्य_गुरुत्व

+१ काकांच्या पहिल्या मुद्द्याला, दुसऱ्याला नाही.

अवांतर: किलो आणि पौंड यांचं गणित डोक्यात करणाऱ्यांनी जपून. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाच्या बोईंग ७६७ मध्ये २२,३०० किलो इंधन हवं होतं, टाक्यांत होतं साधारण २२,३०० पौंड, म्हणजे निम्म्याहून कमी. दोन्ही इंजिनं हवेत बंद पडली. कॅप्टन ग्लायडर उडवणारा होता म्हणून गिमली नावाच्या जुन्या हवाई तळावर ते धूड तरंगत उतरवलं आणि सगळे वाचले. मामींनी किलोत सांगितलं, विमानाने पौंडात ऐकलं, असं होऊ शकतं.

मुद्द्याचं. चूक सांगण्याची सोय असली तर माणूस सांगतो, हे या क्षेत्राने रक्त सांडून शिकलंय. १ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेसला उतरताना व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळलं. ९२ माणसं गेली. नकाशा आणि कंट्रोलरचा शब्द यांचा अर्थ वैमानिकांनी चुकीचा लावला होता. पण खरी चटका लावणारी गोष्ट पुढे आहे. सहाच आठवडे आधी युनायटेडच्या एका विमानाने तिथेच तीच चूक केली होती आणि ते थोडक्यात वाचलं होतं. त्यांनी ती गोष्ट सांगितलीही, पण फक्त आपल्या कंपनीत. टीडब्ल्यूएपर्यंत पोहोचायला वाटच नव्हती.

त्यातून १९७६ मध्ये चुका कळवायची यंत्रणा उभी राहिली, आणि ती मुद्दाम नासाकडे दिली, कारण नासाकडे लायसन्स काढून घ्यायचा अधिकार नाही. चूक जाणूनबुजून केलेली नसेल, अपघात किंवा गुन्हा नसेल, आणि १० दिवसांत कळवली, तर त्या नियमभंगाचा दंड लागत नाही. नाव काढून टाकून ती चूक सगळ्यांना वाचायला मिळते. माझ्या मते या खात्याने चंद्रावर जाण्याइतकंच मोठं काम केलंय, फक्त त्याचे फोटो निघत नाहीत.

---

भटकभवानी

मी त्याच रात्री नासाचा तो फॉर्म भरला होता. ‘तुम्हाला काय वाटतं, असं का झालं?’ या रकान्यात तीन वेळा लिहून खोडलं. शेवटी लिहिलं: जेवायला पाहुणे होते.

---

कोल्हापुरी_कावळा

आता माझंबी ऐका. मी सध्या एअरलाइनमध्ये को-पायलट आहे. शिकलो भारतातच, शाळेचं नाव घेत नाही. आमच्याकडं हौसेचं लायसन्स काढणारा विरळा, सगळी पोरं कमर्शियलच्या २०० तासांच्या मागं. बापानं ऊस विकून, कर्ज काढून पाठवलेलं. त्यामुळं चूक म्हणजे नुसती चूक नसती, घरच्यांच्या पैशाचा हिशेब असतो.

तिसरी का चौथी सोलो, म्हणजे विमानात एकटाच. क्रॉसविंड, म्हणजे आडवा वारा. वेग जरा जास्त घेऊन आलो, विमान टेकलं, उडालं, परत टेकलं, परत उडालं. बेडकासारखं. पहिल्या उडीला थ्रॉटल मारून गो-अराउंड करायचं, म्हणजे न उतरता परत वर जायचं असतं हे झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं. पण टॉवरसमोर सगळी बॅच चहा पीत उभी. गो-अराउंड केला तर ‘ह्याला लँडिंग जमंना’ होणार. म्हणून दाबून बसवलं. तिसऱ्यांदा पुढच्या चाकावर आपटलं.

पार्क केलं. खाली उतरून बघितलं, काही दिसलं नाही. लॉगमध्ये काही लिहिलं नाही. इन्स्ट्रक्टर साहेबांचा आवाज असा की हँगरचं पत्रं हलायचं. त्यांना सांगायचं धाडस नव्हतं.

माझ्यामागं त्याच विमानातून अजून दोघं उडाली. संध्याकाळी इंजिनिअरनं काऊलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण उघडलं तर फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला सुरकुती. पुढचं चाक जिथं जोडलेलं असतं तिथंच. म्हणजे ती दोघं माझी चूक घेऊन उडाली, त्यांना न सांगता. त्यातला एक माझा रूममेट.

साहेब त्या दिवशी ओरडलेच नाहीत. एवढंच म्हणाले, “आपटल्याबद्दल मी तुला तासभर झापलं असतं आणि विसरलो असतो.” पुढचं बोलले नाहीत. दोन आठवडे ग्राउंड केलं, म्हणजे उडणं बंद.

काकांचा प्रश्न मला लागू झाला म्हणून लिहिलं. रूममेटला मी त्याच रात्री सांगितलं. तो हसला. पण दुसऱ्या दिवसापासून माझ्यानंतर विमान घ्यायचं असलं की खाली वाकून बघायचा. अजून बघतो, आता मोटारसायकल असली तरी.

---

चिवडाप्रेमी

कावळेदादा, _/\_ . ‘माझी चूक घेऊन उडाली’ हे वाक्य डोक्यातून जाईना.

धागाकर्ते कुठे गायब झाले? काकांना उत्तर द्यायचंय अजून.

---

बिनपंखी

गायब नव्हतो. काकांचा प्रतिसाद वाचून आधी राग आला, उत्तर टाइपही केलं होतं, ते पुसलं. कारण उत्तर ‘नाही’ असंच होतं. इतक्या वर्षांत सांगितलं नाही. आधी त्यांची ट्रिप खराब होईल म्हणून, मग आता कशाला उकरायचं म्हणून.

काल रात्री, म्हणजे तिकडे आज सकाळी, मामांना फोन केला. मामा एसटीत ड्रायव्हर होते, ३१ वर्षं, हे वर लिहायचं राहिलं. सगळं सांगितलं, आकड्यांसकट. पलीकडे जरा वेळ शांत. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाले, “बाळ्या, मला तेव्हाच कळलं होतं.”

म्हटलं, काय?

“गणपतीत गाडी खच्चून भरलेली असते ना, तेव्हा कशेडी चढताना सीटखाली एक वेगळंच वाटतं. इंजिन ओरडतं पण गाडी उचलत नाही. तुझ्या विमानात तस्सं वाटलं. आणि ती पिपाणी वाजली तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघितलं.”

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

“ड्रायव्हर तू होतास. ड्रायव्हरला मधे बोलू नये, एवढं मला कळतं. उतरल्यावर बोलणार होतो, पण तू फोटो काढत होतास. चार लोकांत भाच्याला काय बोलायचं!”

म्हणजे पुढच्या दोन्ही सीटवर एकच प्रवासी बसला होता. मी मामींच्या भिडेला, मामा माझ्या. मी त्यांना सांगितलं की हल्ली मी घरूनच वजनकाटा घेऊन जातो, हँगरमध्ये पिशवीसकट सगळ्यांना त्यावर उभं करतो, आणि आकडा फक्त मी बघतो. मामा म्हणाले, हे चांगलं केलंस, पण पिपाणी वाजायच्या आधी ज्याला शंका येईल त्याने बोलायचं, हेही प्रवाशांना सांगत जा. आता तेही सांगतो. म्हणजे पुढच्या शनिवारपासून सांगीन.

फोन स्पीकरवर होता हे मला नंतर कळलं. स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला: “विचारलं असतंस तरी मी चारचौघांत खरं थोडंच सांगणार होते? ते बहात्तरसुद्धा त्याच्या आदल्या दिवाळीचं होतं.”